पीएच 6.5 ला डॉक्सोरुबिसिन (कर्करोगावरचं औषध) कणांतून सुटत नाही, 5.0 ला मात्र भराभर सुटतं. कशामुळे?

प्रश्न:
पीईजी-पीएलए मिसेलमध्ये (पॉलिमरचे सूक्ष्म कण) डॉक्सोरुबिसिन हायड्राझोन बंधाने (आम्लात तुटणारा बंध) जोडलंय. डायलिसिस पिशवी, 37 अंश सेल्सिअस, 24 तास. 5.0 च्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये बहुतेक औषध बाहेर येतं; 6.5 आणि 7.4 च्या फॉस्फेट बफरमध्ये थोडंसंच, तेही जवळपास सारखं. कर्करोगाच्या गाठीत पेशींच्या बाहेर पीएच 6.5 ते 6.9 असतो. मग हे कण गाठीत निकामीच ठरणार का?

उत्तर 1:
निकामी नाहीत, पण त्यांची जागा वेगळी आहे. कर्कपेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट करतात (वॉरबर्ग परिणाम) आणि प्रोटॉन बाहेर ढकलतात, म्हणून पेशींच्या बाहेर 6.5-6.9. हायड्राझोन तिथे एका दिवसात फारसा तुटत नाही. तो तुटतो लायसोसोममध्ये (पेशीच्या आतली आम्लधर्मी पचनपिशवी), पीएच 4.5-5.0 ला. पण लायसोसोम निरोगी पेशीतही असतो, त्यामुळे ही निवड गाठीच्या चयापचयाची म्हणता येत नाही. बाहेरची आम्लता वापरायची तर डायमिथाइलमॅलेइक अमाइड (सौम्य आम्लातही तुटणारा गट) घ्या. त्याने कणावरचा धनभार झाकायचा. 6.8 च्या आसपास ते सुटलं की धनभार उघडा पडतो आणि पेशी कण लवकर आत घेते. औषधाला हायड्राझोनच राहू द्या.

उत्तर 2:
त्याआधी औषध सुटण्याचा आलेखच तपासा. पीएचसोबत बफरही बदललाय. शिवाय डॉक्सोरुबिसिनच्या अमाइनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रभारित असतात) 8.2 च्या आसपास; 7.4 च्या फॉस्फेटमध्ये ते गोळा होतं, पिशवीला चिकटतं. आम्लात विद्राव्यता वाढते, म्हणजे बंध न तुटताही 5.0 चा आलेख वर जाऊ शकतो.

तिन्ही पीएचला सायट्रेट-फॉस्फेट बफर वापरा, मिठाने आयनिक तीव्रता सारखी करा. पिशवीत नुसतं डॉक्सोरुबिसिन आणि न तुटणाऱ्या अमाइड बंधाचे कण, ही दोन्ही नियंत्रणं हवीतच. औषधाच्या चकाकीवरून त्याचं प्रमाण काढायचा प्रमाण-आलेख (480 नॅनोमीटरला उत्तेजन, 590 नॅनोमीटरला मोजणी) प्रत्येक पीएचला वेगळा काढा. नळ्यांना फॉइल गुंडाळा, उजेडात औषध विघटतं.

प्रश्नकर्ता:
पेशींवर प्रयोग करताना माध्यमाचा पीएच 6.5 कसा टिकवायचा? आम्ल घातलं तरी सकाळी पीएच परत वर गेलेला असतो.

उत्तर 2:
5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये पीएच बायकार्बोनेट ठरवतं. 24 मिलिमोलरला 7.4, 6.5 साठी सुमारे 3. तेवढंच ठेवा, कमी केलेल्याच्या जागी मीठ घाला, आधाराला 20 मिलिमोलर पाइप्स (या पीएचला चालणारा बफर). आणि नुसत्या औषधाची तुलना त्याच पीएचला करा: आम्लात त्याचा प्रभारित अंश वाढतो, ते पेशीत कमी शिरतं, आणि कण आहेत त्याहून सरस भासतात.