पप्पांची तोफखान्यातली नोंद कशी मिळवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझे पप्पा गेल्या पावसाळ्यात प्रभूघरी गेले. वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण स्मरणोपासना असते. त्यासाठी त्यांच्या आयुष्यावर चार पानं छापायची आहेत.

घरचं सगळं पाठ आहे. रिटायर होऊन शरणपूरला आले तरी शनिवारी रात्री बूट पॉलिश व्हायचेच, का तर सकाळी उपासना. आम्हा भावंडांचे बूटही रांगेत. जेवणाआधीची प्रार्थना मात्र इतकी लांबायची की आई हळूच खोकायची. बायबलमध्ये स्तोत्र २३ शेजारी पेन्सिलीने ‘डिसेंबर १९७१’ एवढंच लिहिलंय. लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. आता चुटपुट लागते.

डब्यात ‘पूर्वी स्टार’ हे १९७१ च्या युद्धाचं पदक आहे, म्हणजे ते पूर्व आघाडीवर होते. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं पदकही आहे. त्याच्या कडेवर नंबर कोरलाय, पण शेवटचे दोन आकडे झिजलेत. डिस्चार्ज बुक घर बदलताना गहाळ झालं आणि पेन्शनची फाईल वाळवीने खाल्ली.

तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पातच आहे. तिथे थेट अर्ज करायचा, की आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं? अर्धवट नंबरावर रेजिमेंट कळते का? आईचं वय ८१, सही तिचीच लागेल का? देवळालीतल्या कुणा जुन्या गनरने हे केलं असेल तर प्लीज सांगा.