बाळाच्या लसी थांबवू नका

ताई, सासूबाईंची परळला केमो (कर्करोगावरची औषधं) चालू आहे म्हणून बाळाच्या सगळ्याच लसी पुढे ढकला, हा तुम्हाला मिळालेला सल्ला पटला नाही. केमोनं प्रतिकारशक्ती कमी होते, त्यामुळे बाळाला गोवर झाला तर तो आजींनाच भोवेल. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस जिवंत विषाणूची असली तरी घरातल्या इतरांना बेलाशक देतात. खरी अडचण पोलिओच्या थेंबांची. त्यातला विषाणू काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो, आणि मुंबईच्या दोन खोल्यांत लंगोट बदलणारे हात बहुधा आजींचेच! बालरोगतज्ज्ञांना केमोचं आधीच सांगा. थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन देता येतं, त्यात मृत विषाणू असतो. खुद्द आजींना सध्या जिवंत लस कुठलीच नको. फ्लूचं इंजेक्शन चालतं, नाकात फवारायची फ्लूची लस नाही, कारण ती जिवंत असते.