मुलांच्या भुलीत मेंदूचा मॉनिटर हवाच का?

भूलतज्ज्ञ, होटगी रोड
आपल्या पालकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय: "मुलाच्या ऑपरेशनला मेंदूचा मॉनिटर लावणार नसतील तर सही करू नका. त्याच्याशिवाय भूल म्हणजे अंदाजपंचे." ती वाचून एका वडिलांनी अकरा महिन्यांच्या बाळाचं हर्नियाचं ऑपरेशन पुढे ढकललं. हर्निया अडकला तर आतडं काळं पडतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

कपाळाला पट्टी चिकटवली की बीआयएस या मेंदूच्या मॉनिटरच्या पडद्यावर 0 ते 100 मधला आकडा येतो. 40 ते 60 असला की भूल पुरेशी धरायची. पण हे गणित मोठ्या माणसांच्या मेंदूलहरींवर बसवलेलं आहे. सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू दिल्यावर मोठ्यांत ठळक दिसणाऱ्या अल्फा प्रकारच्या मेंदूलहरी पहिल्या तीनेक महिन्यांच्या बाळात जवळजवळ नसतातच. वर्षाच्या आतल्या बाळांत त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. केटामाइन हे भुलीचं दुसरं औषध दिलं तर मूल गाढ असतानाही आकडा चढतो. तो बघून मी औषध वाढवू?

मोठ्यांतही वाद मिटलेला नाही. 2004 च्या बी-अवेअर अभ्यासात जोखमीच्या रुग्णांना ऑपरेशन चालू असताना जाग येण्याचे प्रकार घटले. 2008 च्या बी-अनअवेअरमध्ये मात्र उच्छ्वासातला भुलीचा वायू मोजत भूल दिली, तर त्याहून बीआयएसचा जास्त फायदा दिसला नाही. आणि अंदाजपंचे कशाला म्हणता? प्रत्येक श्वासाचा कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, ईसीजी, रक्तदाब, तापमान, सगळं आमच्या डोळ्यांसमोर असतं.

दोघांची आई, जुळे सोलापूर
ती पोस्ट माझी आहे. माझ्या चार वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल काढले. शुद्धीवर आला तो किंचाळतच. मला ओळखेना, सलाईन उपटली, डोकं कॉटच्या दांड्यावर आपटायला लागला. सिस्टर म्हणाल्या, "मुलं रडतातच." ते रडणं नव्हतं डॉक्टर. त्याला इमर्जन्स डिलिरियम म्हणतात हे मला कोणी सांगितलं नाही, मी नंतर वाचलं.

2025 मध्ये जपानमधला अभ्यास आला. 1 ते 6 वर्षांची 177 मुलं. ईईजी, म्हणजे पडद्यावरच्या मेंदूलहरी, बघत सेव्होफ्लुरेन कमी-जास्त केलं त्या गटात हा प्रकार 21 टक्के, नेहमीच्या पद्धतीत 35 टक्के. वायू कमी लागला, मुलं लवकर जागी झाली. तुमच्या एवढ्या मोठ्या उत्तरात याचा एक शब्द नाही. का?

भूलतज्ज्ञ, होटगी रोड
कारण तुमच्या पोस्टमध्येही तो नव्हता, मशीन लावा एवढंच होतं. जपानमध्ये काम झालं ते लहरी वाचल्यामुळे, नुसतं मशीन लावल्यामुळे नाही. लहर सपाट व्हायला लागली की वायू जास्त होतोय, हे ओळखून कमी करायला शिकावं लागतं. शिवाय ईईजी बघूनही 21 टक्के मुलांना त्रास झालाच. डेक्समेडिटोमिडिन या गुंगीच्या औषधानेही तो कमी होतो. हे तुमच्या पोस्टमध्ये येईल?

ओटी असिस्टंट
मुद्द्याचं बोला. पट्टी एकदाच वापरायची असते. जन आरोग्य योजनेत ठरलेलं पॅकेज, मग तिचा खर्च कोण करणार? मी आधी होतो तिथं एकच पट्टी टेप लावून परत परत वापरायचे. तसला सिग्नल बघून काय कळणार?

अक्कलकोट रोड
काय सांगलालाव ओ डॉक्टर. मेंदूचं राहू द्या, लेकरांना उपाशी ठेवणं आधी थांबवा. मे महिन्यात माझ्या पोरीचं ऑपरेशन होतं. रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. सकाळचा नंबर दुपारी लागला. ओठ सुकले, लघवी नाही, रडून आवाज बसला. तसंच आत नेलं. मग शुद्धीवर आल्यावर पोर पिसाळणार नाही तर काय?

भूलतज्ज्ञ, होटगी रोड
पोटात अन्न असताना भूल दिली आणि उलटी फुप्फुसात गेली तर मूल हातचं जातं. पालक बिस्किट देतात आणि विचारलं की नाही म्हणतात. मी हे बघितलंय.

अक्कलकोट रोड
बिस्किट कोण म्हणतंय? पाणी म्हणतोय मी! तुमचाच नियम आहे ना, खाणं सहा तास, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास? युरोपात 2022 पासून पाणी एक तास आधीपर्यंत चालतं. मग फॉर्मवर "रात्री 12 नंतर काहीही नाही" कशाला? पालक खोटं बोलतात म्हणता. सोलापूरच्या उन्हात तुम्ही तुमचं लेकरू असं ठेवून दाखवा.

पूर्व भाग
फॉर्म इंग्रजीत, तोंडी सूचना मराठीत, आणि बाळाला सांभाळणाऱ्या आमच्या आजीला फक्त तेलुगू येतं. तिनं दूध पाजलं म्हणून केस रद्द झाली आणि वर सगळ्यांसमोर तिलाच बोलले. ती खोटं बोलली नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

भूलतज्ज्ञ, होटगी रोड
पाण्याचं म्हणणं बरोबर आहे. केसची वेळ बदलली की वॉर्डात फोन जायला हवा, तो जात नाही, आणि त्यावरून माझी सर्जनशी भांडणं होतात. पण म्हणून सगळे भूलतज्ज्ञ निर्दय ठरत नाहीत.

नवी पेठ
भुलीनं मेंदू मंद होतो त्याचं काय? 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेनं, इशारा दिला होता.

भूलतज्ज्ञ, होटगी रोड
तो इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल होता. तासाभराच्या आतल्या एका भुलीचं उत्तर 2019 मध्ये आलं: हर्नियाचं ऑपरेशन झालेली बाळं पाच वर्षांची झाल्यावर तपासली, जागं ठेवून कंबरेखाली बधिर केलेल्या बाळांत आणि त्यांच्यात बुद्ध्यांकाचा फरक नव्हता. हर्निया पुढे ढकलू नका, हे पुन्हा सांगतो.

दोघांची आई, जुळे सोलापूर
"सही करू नका" ही ओळ काढते, हर्नियासाठी. तुमच्यासाठी नाही. त्या जागी लिहिणार: "लहरी वाचता येतात का, ते विचारा." आणि शुद्धीवर येताना मूल कसं वागू शकतं ते आधी सांगायला लावा, हेही.

भूलतज्ज्ञ, होटगी रोड
लिहा. मोठ्या केसला मी पट्टी लावतो, लहरीही बघतो. विचारलं की चिडणारे आहेत आमच्यात, तेही मान्य.

विजापूर वेस
गुरुवारी 11 ला पुतण्याचं आहे, वय तीन. पाणी कधीपर्यंत द्यायचं?

अक्कलकोट रोड
नऊपर्यंत.

भूलतज्ज्ञ, होटगी रोड
इथं वाचून देऊ नका. त्याच्या भूलतज्ज्ञांना आजच फोन करा, साध्या पाण्याची शेवटची वेळ विचारून लिहून घ्या. दूध पाण्यात धरत नाहीत. आणि केस पुढे गेली तर पुन्हा विचारा, तसंच उपाशी बसवू नका.