स्टार चार्ट लावला आणि मुलाचं वाचन थांबलं, काय करू?

ऐरोलीची आई:
मुलगा दुसरीत आहे. आधी स्वतःहून गोष्टींची पुस्तकं घेऊन बसायचा, मग कोणीतरी सुचवलं म्हणून मी फ्रीजवर चार्ट लावला, एक पुस्तक वाचलं की एक स्टार आणि दहा स्टार झाले की खेळणं. महिनाभर मस्त चाललं. आता आधी विचारतो स्टार देणार का, नाही म्हटलं की पुस्तक बंद. माझं काय चुकलं?

ठाण्याचा मास्तर:
ताई, वाईट वाटून घेऊ नका, असं होतं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळात आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली, काहींना आधीच सांगितलं चित्र काढलं की सर्टिफिकेट, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात पाहिलं तर आधी सांगितलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती! म्हणजे घोळ बक्षिसाचा नाही, आधी ठरलेल्या सौद्याचा.

वर्तकनगर:
पण माझ्या लेकीला पाढे अजिबात आवडायचे नाहीत, तिची सुरुवात स्टिकरनेच झाली.

ठाण्याचा मास्तर:
बरोबर, आवडच नसेल तर गमावण्यासारखं काही नसतं. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ स्वतःहून काही करावंसं वाटायला तीन गरजा सांगतात, स्वतः ठरवता येणं, जमतंय असं वाटणं आणि आपली माणसं सोबत असणं. म्हणून पुस्तक त्यालाच निवडू द्या आणि रात्री शेजारी बसून ऐका.

ऐरोलीची आई:
चार्ट काढला आत्ताच. शनिवारी त्याला लायब्ररीत नेते.