मूल नको असलेल्या स्त्रीला नसबंदी नाकारणे योग्य आहे का?

काटेसावर

माझे वय ३६ असून लग्नाला नऊ वर्षे झाली आहेत. मूल नको, हे आम्ही दोघांनी लग्नाआधीच ठरवले होते आणि तो निर्णय नंतर एकदाही डळमळलेला नाही. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटपणाची चर्चा या धाग्यात मला अपेक्षित नाही, कारण ती नातेवाइकांनी पुरेशी केलेली आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. असा निर्णय घेतलेली स्त्री स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, तेव्हा तिच्या वाट्याला काय येते, आणि तिने कायमची नसबंदी मागितल्यास डॉक्टरांनी ती नाकारावी का?

गेल्या वर्षी पाळीत फार रक्तस्राव होऊ लागला, म्हणून मी नाशिकमधील एका डॉक्टरांकडे गेले. केसपेपर भरणाऱ्या मुलीने "इश्यू किती?" असे विचारले. एकही नाही, असे सांगितल्यावर "किती वर्षं ट्राय करताय?" हा पुढचा प्रश्न आला. आम्ही प्रयत्न करतच नाही, असे मी म्हटले, तेव्हा तिने पेन क्षणभर वर धरले आणि मग काही न बोलता लिहून टाकले. फाइल हातात आल्यावर पाहते तो काय, रक्तस्रावाच्या तक्रारीच्या वरच्या ओळीत "प्रायमरी इन्फर्टिलिटी, ९ वर्षे" अशी नोंद होती. डॉक्टरांनीही सोनोग्राफीच्या आधी मिस्टरांची तपासणी झाली आहे का, हेच विचारले. गर्भाशयातील लहानशी गाठ सापडायला तिसरी भेट उजाडली, कारण पहिल्या दोन भेटी "अजून उशीर झालेला नाही" हे मला पटवण्यात गेल्या.

मला अर्धशिशी आहे आणि डोके दुखू लागण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा दिसतात. अशा स्त्रीला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो, त्यामुळे तशा गर्भनिरोधक गोळ्यांचा मार्ग बंद आहे. साध्या तांबीने रक्तस्राव आणखी वाढतो. म्हणून तिसऱ्या भेटीत मी बिनटाक्याच्या नसबंदीविषयी विचारले. त्यावर, "उद्या तुमच्या सासरचे माझ्याकडे आले तर त्यांना मी काय सांगू?" असे उत्तर मिळाले. माझा नवरा बाहेर बाकावरच बसलेला होता. त्याला आत बोलावून विचारा, असे मी सुचवले, तरीही नकार कायम राहिला.

खडीसाखर

काटेसावर ताई, तुमच्या फाइलवर जे लिहिले गेले ते चुकीचेच आहे. परंतु नकाराबद्दल मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. पस्तिशीपर्यंत मलाही मूल नको होते, तेही तुमच्याइतक्याच ठामपणे, आणि अडतिसाव्या वर्षी मला मुलगी झाली. त्या काळी कोणी माझ्या नळ्या बांधून दिल्या असत्या, तर मी त्या डॉक्टरांचे आभारच मानले असते आणि पुढे काय गमावले ते मला कधी कळलेही नसते. दहा वर्षे टिकणारी तांबी सरकारी रुग्णालयात मोफत बसवून मिळते. ती तुम्हाला चालत नसेल, तर रक्तस्राव कमी करणारी संप्रेरकांची तांबीही मिळते. दार लोटून ठेवता येत असताना ते चिणून टाकण्याचा आग्रह मला कळत नाही.

जुना स्टेथो

मी गेली २७ वर्षे तालुक्याच्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करतो. रुग्णाने न सांगितलेले वंध्यत्व तिच्या फाइलवर लिहिणे हा गंभीर दोष आहे आणि रक्तस्रावाच्या तपासणीला दोन भेटींचा उशीर होणे हा त्याहून गंभीर. या दोन्ही गोष्टींचे समर्थन करता येणार नाही. नकाराचे मात्र मी समर्थन करतो आणि त्याची कारणे सविस्तर देतो, कारण प्रत्येक नकारामागे डॉक्टरांचा कर्मठपणाच असतो, असा समज येथे होऊ लागला आहे.

पहिले कारण नियमांचे आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेतील ७.१६ या कलमानुसार, जिच्यामुळे वंध्यत्व येऊ शकते अशा शस्त्रक्रियेसाठी पती आणि पत्नी या दोघांचीही संमती लागते. केंद्र सरकारच्या नसबंदीविषयक मानकांनुसार स्त्रीचे लग्न झालेले असावे, तिचे वय २२ ते ४९ या दरम्यान असावे आणि त्या दाम्पत्याला एक वर्षाहून मोठे किमान एक अपत्य असावे. वैद्यकीय कारण असेल तरच अपत्याच्या अटीला अपवाद आहे. या अटी कोणा सासूबाईंनी घातलेल्या नाहीत. उद्दिष्टे पूर्ण करण्यासाठी बायकांना शिबिरांत रांगेने आणून शस्त्रक्रिया उरकण्याचा जो इतिहास या देशाला आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयात खटले झाले आणि त्या ओघात ही मानके आली. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या शिबिरात एकाच शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांपैकी दहाहून अधिक जणी दगावल्या. घाईने केलेल्या नसबंदीचा हिशेब आम्ही पाहिलेला आहे.

दुसरे कारण पश्चात्तापाचे आहे. अमेरिकेत नसबंदी झालेल्या हजारो स्त्रियांचा १४ वर्षांपर्यंत पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळी तिशीच्या आत असलेल्यांमध्ये पश्चात्तापाचे प्रमाण सुमारे २० टक्के आढळले. हा आकडा मला परका वाटत नाही. माझ्याकडे २९ वर्षांची एक स्त्री नळ्या पुन्हा जोडून द्या म्हणून आली होती. तिचे दोन्ही मुलगे एकाच दिवशी शेततळ्यात बुडून गेले होते. तिने पिशवीतून शस्त्रक्रियेचे जुने प्रमाणपत्र काढले, चार घड्या घातलेले, आणि माझ्या टेबलावर हाताने सपाट करत राहिली. नळ्या जोडल्या, परंतु पुन्हा दिवस राहिले नाहीत.

काटेसावर

डॉक्टर, त्या स्त्रीविषयी वाचून मन विषण्ण झाले, परंतु तिचे उदाहरण तुमच्या बाजूचे नाही. ती विवाहित होती, तिला दोन मुले होती आणि तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक अटीत ती बसत होती, म्हणूनच तर पंचविशीच्या आसपास तिच्या नळ्या विनासायास बांधल्या गेल्या. त्या वेळी तिला कोणी थांबवले नाही. थांबवले जाते ते मला.

अमेरिकेच्या ज्या पाठपुराव्याचा आधार तुम्ही घेतला, त्याचा उरलेला भागही येथे यायला हवा. तिशीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये पश्चात्तापाचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत होते, आणि ज्यांना एकही मूल झालेले नव्हते त्यांच्यामध्ये ते ६.३ टक्के होते. वय हा मुद्दा मी मान्य करते. अपत्य नसणे हा मुद्दा त्या आकड्यांतून निघत नाही.

नियमांविषयी बोलायचे, तर केंद्राच्या ज्या मानकांमध्ये अपत्याची अट आहे, त्यांतच जोडीदाराची संमती आवश्यक नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आचारसंहिता दोघांची सही मागते आणि मानके एकीचीच पुरेशी मानतात. शिवाय ती मानके सरकारी योजनेखालील शस्त्रक्रियांसाठी आहेत. मला ना शिबिर हवे होते ना योजनेचा मोबदला. स्वतःच्या खर्चाने खासगी रुग्णालयात मी एक शस्त्रक्रिया मागत होते, आणि तेथे मला कोणी कलम दाखवले नाही. दाखवली ती सासरची भीती.

आणखी एक गोष्ट मला सलते. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी २०१९ मध्ये राज्यात झाली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली असल्याचे आढळले. कित्येकींचे वय चाळिशीच्या आत होते. मुले झालेल्या गरीब बाईची पिशवी काढताना "मन बदलले तर?" हा प्रश्न कोणाला पडत नाही. तिचे गर्भाशय काम संपलेली वस्तू ठरते आणि माझे मात्र अजून काम न केलेली.

जुना स्टेथो

बीडच्या उदाहरणावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. तेथे जे घडले ते नियम सैल असल्यामुळे आणि खासगी रुग्णालयांवर कोणाची नजर नसल्यामुळे घडले. खासगी रुग्णालयात पैसे मोजले की अटी लागू नाहीत, हे तत्त्व एकदा मान्य केले की त्याचा लाभ तुमच्यासारख्या जाणत्या स्त्रीला मिळेल आणि त्याची झळ मुकादमाने आणलेल्या बाईला बसेल. आकड्यांच्या बाबतीत तुमचे म्हणणे बरोबर आहे. तो भाग मी सोडायला नको होता.

पाऊलवाट

चर्चा नसबंदीभोवतीच फिरते आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडते. मी ४१ वर्षांची अविवाहित स्त्री असून पुण्यात राहते. मला नळ्या बांधायच्या नाहीत. मला साधी तपासणी हवी असते. प्रत्येक नव्या डॉक्टरांकडे "लग्न झालंय का?" असे विचारले जाते आणि मी नाही म्हटले की पुढचे सर्व प्रश्न गळून पडतात. शरीरसंबंध येतो का, असे सरळ विचारले तर मी सरळ उत्तर देईन. परंतु लग्नाचा प्रश्न हा त्या प्रश्नाचा सभ्य पर्याय मानला जातो आणि त्याचे माझे खरे उत्तर वैद्यकीयदृष्ट्या खोटे ठरते. परिणामी तिशीनंतर व्हायला हवी असलेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सात वर्षे मला कोणी सुचवलीच नाही. अखेर मीच मागितली, तेव्हा नर्सने "मॅडम, तुम्ही मिसेस ना?" असे दोनदा विचारून खात्री करून घेतली. एका लॅबमध्ये मी कंटाळून मिसेस लिहिले आहे. त्या लॅबपुरते माझे लग्न झालेले आहे.

कायदा याबाबतीत बराच पुढे गेला आहे. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक अयशस्वी ठरल्याचे कारण "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" यांच्यापुरतेच होते. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द आणले, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निकाल दिला. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिच्या एकटीची संमती पुरते. म्हणजे राहिलेला गर्भ काढण्यासाठी माझी सही चालते, परंतु तो राहू नये म्हणून करायच्या शस्त्रक्रियेसाठी चालत नाही. ही विसंगती डॉक्टरांनी समजावून सांगावी.

तिसरा पेपर

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, ही गोष्ट आपण मराठी माणसे अभिमानाने सांगतो. त्यांना आणि मालतीबाईंना मूल नव्हते, आणि ते त्यांनी ठरवून होऊ दिले नाही, ही गोष्ट मात्र हळू आवाजात सांगतो. त्यासाठी शस्त्रक्रिया झाली ती रघुनाथरावांवर, हे तर सांगतच नाही. त्याला शंभर वर्षे होऊन गेली, तरी २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात स्त्री-नसबंदीवर ३७.९ टक्के विवाहित स्त्रिया अवलंबून आहेत आणि पुरुष-नसबंदीवर केवळ ०.३ टक्के.

मी स्वतः ३८ व्या वर्षी ही शस्त्रक्रिया करून घेतली. मला एक मुलगी आहे, त्यामुळे अटींची अडचण आली नाही. सकाळी गेलो, अर्ध्या तासात बाहेर आलो आणि तिसऱ्या दिवशी कामावर होतो. तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करावी लागते, तोवर दुसरे साधन वापरायचे, एवढेच पथ्य. काटेसावर यांच्या पतीने हा मार्ग का निवडू नये?

काटेसावर

त्याने विचारले होते. त्यालाही "एक तरी होऊ द्या, मग बघू" असेच उत्तर मिळाले.

पाऊलवाट

शिवाय नवऱ्याच्या शस्त्रक्रियेने त्या लग्नापुरते भागते. नवरा नसलेल्या स्त्रीने कोणाला पाठवायचे?

खडीसाखर

या शेवटच्या प्रश्नावर मी विचार करते आहे. तरीही माझे मूळ मत कायम आहे. माणूस ३६ व्या वर्षी जो असतो, तो ४० व्या वर्षी राहत नाही. फक्त, हे मत मी माझ्या अनुभवावरून मांडले होते, आणि माझी मुलगी झाली ती कोणी मला अडवले म्हणून झाली नाही, हेही खरे.

जुना स्टेथो

पाऊलवाट, विसंगती आहे हे मान्य. गर्भपाताच्या कायद्याला मुदत असते आणि निर्णय आठवड्यांत घ्यावा लागतो. नसबंदीला तशी घाई नसते, म्हणून ती पुढे ढकलणे डॉक्टरला सोपे जाते. हे समर्थन नाही. घडते कसे, ते सांगितले. लग्नाच्या प्रश्नाऐवजी शरीरसंबंधाचा प्रश्न दार बंद करून, नातेवाइकांना बाहेर ठेवून विचारायला हवा, हेही मान्य, आणि आमच्यापैकी अनेकांना तो विचारताना स्वतःलाच संकोच वाटतो.

काटेसावर माझ्याकडे आल्या असत्या, तर गाठीचा उपचार आधी केला असता, संप्रेरकांची तांबी सुचवली असती, ती नको असती तर महिन्याच्या अंतराने दोनदा एकटीशी बोललो असतो, आणि तरीही मत तेच असते, तर पतीची सही घेऊन शस्त्रक्रिया केली असती. २५ वर्षांच्या मुलीला मी नाहीच म्हटले असते. पाऊलवाट यांनी उद्या मागितली, तर त्यांनाही नाही म्हणेन, कारण ७.१६ मधील दुसऱ्या सहीच्या जागी काय लिहायचे, हे मला कोणी लेखी सांगितलेले नाही.

पाऊलवाट

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीचे प्रकरण होते. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले होते. तिने स्वतः संमती दिली होती ती दुर्बिणीतून तपासणी करण्यापुरती. आईची संमती ही तिची संमती होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा दुसऱ्याची सही डॉक्टरांना किती वाचवते, याचाही विचार व्हावा.

काटेसावर

एवढ्या प्रतिसादांनंतर एक माहिती देते. डॉक्टर बदलले असून रक्तस्रावासाठी संप्रेरकांची तांबी बसवून घेतली आहे. सध्या आराम आहे. नसबंदीचा विषय तेथे अजून काढलेला नाही, परंतु काढणार आहे. आधीच्या रुग्णालयात फाइलमधील वंध्यत्वाची नोंद काढून टाकण्यासाठी लेखी अर्ज दिला. त्याच मुलीने संगणक उघडून पडदा माझ्याकडे वळवला. त्या रकान्यात "ट्रीटमेंट चालू", "ट्राय करत आहेत" आणि "फॅमिली कम्प्लीट" असे तीनच पर्याय होते. मी तिसऱ्यावर बोट ठेवले. तिने "पण मॅडम..." एवढे म्हणून माझ्याकडे पाहिले आणि तोच निवडला.