लेकीचं सीनियर पोर्ट्रेट आहे, पैठणी की काळा ड्रेस?

मोगरा_एनजे
आम्ही न्यू जर्सीत असतो, लेक आता सप्टेंबरपासून बारावीत म्हणजे सीनियर इयरला जाईल. शाळेचं पत्र आलंय की ऑगस्टमध्ये सीनियर पोर्ट्रेट म्हणजे शेवटच्या वर्षाचा फोटो, स्टुडिओ शाळेने ठरवलेलाच, तारीख-वेळ पण त्यांचीच. पत्रात लिहिलंय मुलींना ड्रेप आणि मुलांना टक्स (टक्सिडो सूट) स्टुडिओच देणार. ड्रेप म्हणजे काय ते शोधलं तर खांदे उघडे असलेलं काळं मखमली काहीतरी दिसतंय!! आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई नाशिकहून येतायत, येताना स्वतःची वांगी रंगाची येवल्याची पैठणी घेऊन, नातीला नेसवून फोटो काढायचाच हे त्यांनी तिकीट काढायच्या आधीच ठरवलंय. लेकीचं म्हणणं काळा ड्रेस आणि कॉन्व्हर्सचे कॅनव्हास बूट, बाकी काही घालणार नाही. नवरा या विषयावर घरात नसल्यासारखा वागतोय.
ज्यांच्या मुलांचं झालंय त्यांनी सांगा ना नक्की काय घालतात, किती कपडे न्यायचे, आणि पैठणी फोटोत बरी दिसते का की नुसती चमकते?

इंद्रायणीभात
काकू, माझं अलीकडेच झालंय म्हणून सांगते. ड्रेप हा ड्रेस नसतोच मुळी, नुसता पुढचा तुकडा असतो, पाठीमागे क्लिपा लावून घट्ट करतात. आत स्ट्रॅपलेस किंवा बारीक पट्ट्यांचा टँक टॉप घालायचा, पट्ट्या आत खोचायच्या, आणि खाली मी जीन्सवरच होते, कोणाला कळतंय. इयरबुकमध्ये (शाळेचं दर वर्षी निघणारं फोटोंचं पुस्तक) छातीपासून वरचाच फोटो येतो आणि सगळ्या मुलींचा सेम, त्यामुळे तिथे पैठणी-ड्रेसचा प्रश्नच येत नाही. फार उघडं वाटत असेल तर स्टुडिओला आधी फोन करून विचारा, माझी एक मैत्रीण हिजाब घालते, तिला त्यांनी पूर्ण बाह्यांच्या काळ्या टॉपवर काढून दिला.
तुम्ही जे भांडताय ना ते दुसऱ्या फोटोंसाठी आहे, म्हणजे बाहेर बागेत वगैरे आपला फोटोग्राफर घेऊन काढतात ते. ते ऐच्छिक असतं, कधीही काढा, हवं ते घाला. फक्त काही शाळांत बाहेरचाच फोटो इयरबुकला चालतो, तिथे डेडलाइन आणि बॅकग्राउंडचे नियम असतात, तेवढं पत्रात बघून घ्या.

उजेड_सावली (डॅलस)
हौशी फोटोग्राफर आहे, दर वर्षी मित्रांच्या मुलांचे हे फोटो माझ्याच गळ्यात पडतात, त्यामुळे जरा लांबण लावतो.
स्टुडिओच्या फोटोत आपल्या मुलींचा एक हमखास घोळ होतो, काळे केस, काळा ड्रेप आणि मागे गडद पडदा, सगळं एकात एक मिसळून नुसता चेहरा तरंगताना दिसतो. तिथल्या माणसाला सरळ सांगायचं की फिकट बॅकग्राउंड दे नाहीतर केसांवर मागून लाइट टाक, त्याला ते सोपं असतं, पण रांग मोठी असली की न सांगता करत नाहीत.
बाहेरच्या सेशनला दोन, फार तर तीन कपडे. त्यापेक्षा जास्त नेलेत की निम्मा वेळ गाडीत कपडे बदलण्यात जातो आणि सूर्यास्ताच्या आधीचा जो तासभर सोन्यासारखा उजेड असतो तो निघून जातो. एकरंगी कपडे बरे. बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळा, कॅमेऱ्यात त्यांच्यावर लाटा-लाटा दिसतात आणि नंतर काढणं अवघड जातं. निऑन तर नकोच, तो रंग हनुवटीखाली उतरतो आणि पोरगी कावीळ झाल्यासारखी दिसते. काळा ड्रेस चालेल पण झाडांच्या गर्द सावलीत उभी करू नका, भिंत किंवा मोकळं आकाश मागे घ्या. कॉन्व्हर्सला माझा फुल सपोर्ट, पायात सवयीचं असलं की मुलं सरळ उभी राहतात, नव्या हिल्सवर चेहऱ्यावरच कळतं. आणि घालून एकदा घरी खाली बसून बघा, निम्म्या पोझ बसूनच असतात, आखूड ड्रेस तिथेच दगा देतो.
चष्मा असेल तर नेहमीचाच ठेवा, पण उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा असतील तर दुसरा न्या, नाहीतर सगळ्या फोटोत गॉगल.
आमच्याकडे टेक्सासमध्ये ऑगस्टात बाहेर म्हणजे मेकअपसकट माणूस वितळतं, म्हणून बरेच जण मार्च-एप्रिलमध्ये ब्लूबॉनेट फुलली की काढतात. इयरबुकला ते उशिराचं होतं पण ग्रॅज्युएशनच्या कार्डावर टाकायला झकास. (त्या निळ्या फुलांत निळं घालू नये, हे दर वर्षी कोणाला तरी सांगावं लागतं.)

काठपदर
पैठणीचं मी बोलते. चमकते ती कॅमेऱ्यावरच्या समोरच्या फ्लॅशने, सोनेरी जर पांढरी फटक होते आणि पदरावरचे मोर दिसतच नाहीत. सावलीत, बाजूने मऊ उजेड येईल असं उभं केलं तर जर काय दिसते म्हणून सांगू!
आता कामाचं. जुनी पैठणी असेल तर सासूबाईंना आत्ताच विचारा शेवटची घडी कधी मोडली होती. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की रेशीम नेमकं घडीवर विरतं आणि निऱ्या घालताना टर्रकन जातं. आली की लगेच उलगडून पसरून ठेवा, इस्त्री करायची तर उलट बाजूने, वर सुती कापड घालून आणि कमी गरम. सेफ्टी पिन लावताना आधी पिनेत एक छोटा मणी ओवायचा, मग पीन कापडात आत आत जाऊन धागा ओढत नाही, आणि काठाला तर पीन लावूच नये.
ब्लाउजसाठी आजीचं उसवत बसू नका, काळा किंवा हिरवा स्ट्रेचेबल मिळतो तो घ्या. परकराची उंची कॉन्व्हर्स घालूनच मापा. हो, कॉन्व्हर्सच, आत काय घातलंय ते निऱ्या सांगत नाहीत.
साडी गाडीत बदलता येत नाही हे लक्षात घ्या. घरूनच नेसून निघायचं, पैठणीचे फोटो आधी सावलीत, आणि मग साडी सोडून ड्रेस. आत शॉर्ट्स आणि टँक टॉप असला की आडोशाला पाच मिनिटांचं काम. खांद्यावरून वरचे फोटो काढलेत तर पैठणी आहे हे कळणारच नाही, पदर डाव्या हातावर मोकळा सोडून दोन-तीन तरी पूर्ण उंचीचे घ्या, नाहीतर सासूबाई विचारतील पदर कुठे गेला. गवतावर बसवणार असाल तर जुनी चादर न्या.

दोन_मुलगेच
मुलग्यांचं कोणी विचारतच नाही 😄 टक्स पण अर्धाच असतो, शर्टाची छाती, बो आणि वरून कोट. आमचा खाली हाफ पँट आणि चपला घालून गेला होता, फोटोत साहेब एकदम लग्नाला निघालेले. फक्त केस कापायचे असतील तर आठवडाभर आधी कापा, आदल्या दिवशी कापले की कानामागे पांढरा पट्टा दिसतो.
आणि पॅकेजचं बघा हो, कपड्यांपेक्षा तिथे चाट बसते. शेकडो डॉलरची पॅकेजेस असतात आणि त्यात अर्धे ते पाकिटात ठेवायचे छोटे छोटे फोटो. मुलीला विचारा वाटणार आहे का कोणाला. नाहीतर डिजिटल फाइल वेगळी मिळते का ते आधी विचारायचं.

मोगरा_एनजे
अरे बापरे, केवढं सांगितलंत सगळ्यांनी, खूप आभार. हे दोन वेगळे फोटो आहेत हेच आमच्या घरात कोणाला कळलं नव्हतं. लेकीला पैठणीखाली कॉन्व्हर्सचं वाचून दाखवलं तर म्हणाली मग चालेल, पण नथ नाही. सासूबाईंना फोनवर सांगितलं, त्यांचा पहिला प्रश्न, बूट कुठल्या रंगाचे आहेत? पैठणी बारा वर्षांत उलगडलेली नाही म्हणे, आज उद्यात उघडून बघतायत. काठपदर, घडीवर विरलेली निघाली तर इथे रफू करून मिळतं का कुठे?

काठपदर
इथे कशाला, नाशकात आहेत तर तिथूनच येवला जवळ आहे, विणकराकडेच दाखवायला सांगा, रंगाचा धागा त्यांच्याकडे जुळतो. पण निघायच्या आदल्या आठवड्यात नको, आत्ताच पाठवा. आणि नथ दाबाची पिशवीत टाकून ठेवा, तिथे गेल्यावर मुलींचा विचार बदलतो.

इंद्रायणीभात
नाही बदलत 😂