मदत हवी आहे: पावसाळ्यात डांगी गाईंच्या दुधाचा एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) घसरतो, पेंड न घालता काही करता येईल का?

मंडळी, इगतपुरी तालुक्यात आमचा घरचा छोटा गोठा आहे. सगळ्या डांगी गाई. आमच्याकडच्या मुसळधार पावसात हीच जात टिकते. संकरित आणून बऱ्याच जणांनी हात पोळून घेतलेत. सकाळी धारा काढल्या की गाई डोंगरावर, दिवस कलला की परत. पेंड-सुग्रास (तयार पशुखाद्य) काही नाही, गव्हाणीत मिठाचा खडा तेवढा असतो.

दूध थोडं निघतं, पण नाशिकची काही घरं चरणाऱ्या गाईचं म्हणून रतीब लावून घेतात. आम्ही कच्चंच देतो आणि उकळूनच प्या असं बजावतो. (काहींना तसंच पिण्यात मोठेपणा वाटतो. ब्रुसेलोसिससारखा कच्च्या दुधातून होणारा आजार झाल्यावर कळेल.) उरलेलं डेअरीला.

एरवी तक्रार नसते. पाऊस लागून कोवळं गवत आलं की मात्र डेअरीच्या मशीनवर एसएनएफ ८ टक्क्यांच्या आसपास येतो. अन्नसुरक्षेची किमान मर्यादाच ८.३, आणि दर ३.५ फॅट/८.५ एसएनएफला धरून, म्हणजे कापाकापी आलीच. पैशाचं एक वेळ सोडा, पण रतिबातल्या एका काकूंनी लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजायची नळी) आणलाय. किटलीतून दूध ओतलं रे ओतलं की त्यात सोडतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. साय नेहमीसारखी येते, तरी संशय पाण्याचाच!

सीएमटी (कासदाहाची चाचणी) करून झाली, कासदाह नाही. जंताचं औषधही दिलंय. चरायला सोडण्याआधी भाताचा पेंढा टाकून पाहिला, पण बाहेर हिरवं दिसत असताना गाई त्याला तोंड लावत नाहीत. मक्याचा भरडा द्यावा तर वडील म्हणतात, मग 'फक्त चाऱ्यावरचं' कुठल्या तोंडाने सांगायचं? कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १:
कोवळ्या गवतात पाणीच फार. पोट भरतं, ताकद मिळत नाही, मग दुधातलं प्रोटीन उतरतं. पेंढा सकाळी नको, रात्री कुट्टी करून द्या, वर गुळाचं पाणी शिंपडा, खातील. तरी एसएनएफ हलला नाही तर धारेच्या वेळी थोडा भरडा आणि खनिज मिश्रण द्या, गिऱ्हाइकांना तसं सांगून. लपवलं तर वाईट दिसेल.

प्रतिसाद २:
काकूंच्या लॅक्टोमीटरवर किती तापमान छापलंय ते बघा, बहुतेक २७ अंश असेल. धारोष्ण दूध गरम असतं, त्यात हवाही असते, त्यामुळे काटा कमीच दाखवणार. दूध निवू द्या, हलकं ढवळा, मग मोजा. पाण्याचा आरोप कायमचा मिटवायचा तर लॅबमधून गोठणबिंदू तपासून घ्या. चाऱ्यामुळे एसएनएफ उतरला तर गोठणबिंदू फारसा हलत नाही, पाणी घातलं की शून्याकडे सरकतो.

धागाकर्ता:
गोठणबिंदूचं माहीत नव्हतं, आभार. पण रात्रीच्या कुट्टीने गाई सकाळी चरायला आळस करत नाहीत ना? आणि नाशिकमध्ये एकदोन नमुने घेणारी लॅब कुठली?